फ्रंट स्क्वॉट आणि तिसरी फेरी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

वजने आणि मुष्टियुद्ध यांचा सराव एकाच आठवड्यात अशा रीतीने बसवायचा की दोन्हींत प्रगती व्हावी आणि एकाने दुसऱ्याचा वाटा खाऊ नये, हे या प्रकल्पाचे काम आहे. मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची आहे. स्पर्धेत उतरण्याचा विचार नाही आणि वजनगटाचे बंधनही नाही, त्यामुळे शरीराचे वजन ६२ किलोंच्या आसपास आहे तसेच राहू देणार आहे.

वजनांमधली ध्येये तीन आहेत. फ्रंट स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार खांद्यांवर समोरून धरून खाली बसून उठण्यात, आज ५० किलोंवर तीन आवर्तने होतात, ती ६० किलोंवर व्हावीत. पॉवर क्लीन (बार जमिनीवरून एका झटक्यात खांद्यांवर घेणे) ४० किलोंवरून ४५ किलोंवर जावा आणि बार खांद्यावर येताना कोपरे वेळेवर पुढे आलेली असावीत. हिसका न देता दोन पुल-अप होतात, ते पाच व्हावेत. मुष्टियुद्धातले ध्येय एकच आहे, पण मोजायला अधिक कठीण आहे: तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचे संयत स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) करताना तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या मिनिटातही गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्याशी धरलेले हात, खाली येऊ नये. फेऱ्यांचा हा आराखडा हौशी लढतींचाच आहे. लंडनला २०१२ मध्ये महिलांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथम आले तेव्हा त्यांच्या फेऱ्या दोन मिनिटांच्या आणि चार असत. आता त्याही पुरुषांप्रमाणे तीन मिनिटांच्या तीन असतात.

डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा बार धरून सरळ उभे राहण्याच्या उचलीचे, ध्येय मुद्दामच ठेवलेले नाही. ८५ किलोंवर पाच आवर्तने होतात, आणि उचललेल्या वजनात प्रत्येक आवर्तनामागे त्याचाच तिसावा भाग मिळवण्याचे प्रचलित सूत्र लावले तर एका आवर्तनाचे कमाल वजन साधारण ९९ किलो येते. शंभराचा आकडा इतका जवळ असताना त्याला यादीबाहेर ठेवणे जड गेले, परंतु या तीन महिन्यांत तो मिळवून हाती काय पडेल याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही.

११ जानेवारी, शनिवार

सध्याचे वेळापत्रक असे आहे की सोमवारी आणि शुक्रवारी वजने असतात, तर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी मुष्टियुद्ध. काल ८५ किलोंवर डेडलिफ्टचे पाच-पाच सलग आवर्तनांचे तीन सेट झाले आणि आज ठोशांच्या बॅगवर त्याचा हिशेब चुकता करावा लागला. पाय ठीक होते. थकवा होता तो पुढच्या हातांच्या स्नायूंत आणि कमरेच्या वर पाठीच्या कण्यालगत. मूठ ठोसा लागण्याच्या क्षणीच घट्ट व्हावी आणि एरवी सैल असावी, हे मुष्टियुद्धातले पहिल्या दिवसाचे शिक्षण आहे. काल बराच वेळ बार गच्च धरून ठेवलेली मूठ आज सैल व्हायलाच तयार नव्हती. मूठ आवळलेली राहिली की खांदा आवळतो, खांदा आवळला की जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) उशिरा सुटतो आणि परत येताना छातीच्या पातळीवरून येतो. प्रशिक्षकांनी लांबूनच ते पाहिले आणि म्हणाले, "काल वजनं केलीस ना? हात सांगतोय."

ठोशाची ताकद मागच्या पायाच्या रेट्यातून निघते, नितंबांच्या वळणातून वर चढते आणि खांद्यामार्गे मुठीत पोहोचते. त्यामुळे पाय आणि कंबर बळकट करणारी कोणतीही उचल मुष्टियोद्ध्याला उपयोगी पडावी, असे वरवर पाहता वाटते. प्रश्न उपयोगाचा नसून किमतीचा आहे. डेडलिफ्टमधून पायांना जेवढे मिळते त्याच्या मानाने पाठ आणि पकड यांच्यावर पडणारा बोजा फार असतो, आणि हे दोन्ही अवयव दुसऱ्या दिवशी मला ताजे हवे असतात.

१६ जानेवारी, गुरुवार

वेळापत्रक बदलले. आता मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मुष्टियुद्ध व संध्याकाळी वजने, शनिवारी फक्त मुष्टियुद्ध, आणि उरलेल्या दिवशी चालण्यापलीकडे काही नाही. दोन सत्रे एका दिवशी येतात हे कागदावर अवघड दिसते, परंतु त्यामुळे शनिवारच्या आधी पूर्ण एक दिवस रिकामा मिळतो आणि तोच मला पाहिजे होता. एका दिवसातही क्रम महत्त्वाचा आहे. पदलालित्य आणि अंतराचा अंदाज ताज्या अंगानेच शिकता येतो, म्हणून तो भाग सकाळी. स्क्वॉट किंचित थकलेल्या पायांनीही होतो, फक्त बारवर पाच किलो कमी लागतात.

ताकद आणि दमसास एकत्र वाढवण्यातला अडसर शास्त्रीय वाङ्मयात जुना आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात केवळ ताकदीचा सराव करणाऱ्या गटाची ताकद अखेरपर्यंत वाढत राहिली. ताकदीबरोबर जोरदार धावणे आणि सायकलिंग करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला तशीच वाढली, पण सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि शेवटी घसरली. हा निष्कर्ष पुष्कळदा 'दोन्ही एकत्र करू नका' अशा ढोबळ सल्ल्यात गुंडाळला जातो, ते मला पटत नाही. त्या गटावर दोन्ही कामांचा पूर्ण बोजा एकाच वेळी टाकलेला होता. माझ्यासारख्या हौशी माणसाने त्यातून घ्यायचे ते एवढेच की एकूण कामाला मर्यादा आहे आणि काय कमी करायचे ते आधी ठरवलेले बरे. मी वजनांमधले सेट कमी करणार आहे, बारवरचे वजन नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचा विषय श्वास. याच्यावर सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण दोन्ही छंदांतला खरा विरोध मला स्नायूंपेक्षा येथे अधिक दिसतो.

जड स्क्वॉट करताना खाली जाण्यापूर्वी पोट भरून श्वास घेतला जातो, तो अडवून पोटाभोवतीचे सगळे स्नायू ताठ केले जातात आणि वर येताना अवघड टप्पा पार झाल्यावरच तो सोडला जातो. त्यामुळे पोटातील दाब वाढतो, कणा सरळ राहतो आणि पायांचा रेटा वाया न जाता बारपर्यंत पोहोचतो. ठोशात याच्या नेमके उलट घडते: प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून किंवा दातांमधून छोटा, तीक्ष्ण उच्छ्वास सुटतो, क्षणभर पोट कडक होते आणि लगेच सैल होते. वजने उचलणारी माणसे बॅगसमोर आली की चार ठोशांच्या मालिकेत एकच श्वास अडवून धरतात. मालिका जोरकस दिसते; मिनिटभरात चेहरा लाल होतो आणि दुसऱ्या मिनिटाला पाय जमिनीला खिळतात.

यावर प्रशिक्षकांनी दिलेला उपाय साधा आहे. तीन मिनिटे शॅडो बॉक्सिंग करायचे, म्हणजे जोडीदाराविना हवेतच लढायचे, ठोसे अर्ध्या वेगाने मारायचे आणि प्रत्येक ठोशाचा उच्छ्वास शेजारच्याला ऐकू आला पाहिजे. आवाज गेला की ठोसाही थांबवायचा. पहिल्या मिनिटात हसू येते. नंतर लक्षात येते की आवाज नेमका मालिकेतल्या तिसऱ्या ठोशाला, म्हणजे डाव्या हुकला (कोपर वाकवून बाजूने मारायच्या ठोशाला) जातो, कारण हुकसाठी धड वळवताना बरगड्या आपोआप आवळल्या जातात. आता रोज सराव सुरू करताना ही एक फेरी ठेवली आहे.

उलट दिशेचा धोकाही नोंदवून ठेवते. संध्याकाळच्या स्क्वॉटमध्ये दुसऱ्या आवर्तनाला श्वास मधेच सुटला आणि छाती पुढे झुकली. फ्रंट स्क्वॉटमध्ये छाती झुकली की बार खांद्यावरून घरंगळू लागतो, म्हणून ही उचल खोटेपणा चालवून घेत नाही. माझ्या आवडीचे पहिले कारण तेच आहे. पाठीवर बार घेतलेल्या स्क्वॉटमध्ये वाकून, कंबरेच्या जोरावर वजन वर आणता येते. समोर बार असताना एकतर धड सरळ राहते, नाहीतर बार खाली पडतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पॉवर क्लीन ४२.५ किलो झाला. डेडलिफ्टची जागा आता बऱ्याच अंशी या उचलीने घेतली आहे. बार जमिनीवरून उचलून नितंबांच्या झटक्याने वर फेकायचा आणि अर्धवट बसलेल्या स्थितीत खांद्यांवर झेलायचा, ही क्रिया मागच्या पायावरून निघणाऱ्या क्रॉसच्या (मागच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) रेट्याशी नाते सांगते. दुसरा फायदा कमी बोलला जातो. रबरी प्लेट असल्या की बार वरून सरळ खाली सोडता येतो. वजन सावकाश खाली आणताना ताणलेल्या अवस्थेत स्नायूंना जे काम करावे लागते, त्यानेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे अंग दुखणे मुख्यतः ओढवते; पॉवर क्लीनमध्ये तो टप्पा जवळजवळ नसतोच. झटका मिळतो आणि गुरुवारी अंग मोकळे राहते.

अडचण अंगठ्याची आहे. क्लीनसाठी अंगठा बारभोवती गुंडाळून त्यावर दोन बोटे दाबणारी हुक पकड घ्यावी लागते, आणि दाबला गेलेला अंगठा ग्लोव्हच्या आतल्या अरुंद कप्प्यात दोन दिवस ठणकत राहतो. जिममध्ये महिलांचा १५ किलोंचा बार आहे. त्याची जाडी २५ मिलिमीटर असते, पुरुषांच्या २० किलोंच्या बारची २८. तीन मिलिमीटरने एवढा फरक पडेल असे वाटले नव्हते, पण लहान पंजाला अंगठा कमी दाबून पकड बसते, म्हणून यापुढे क्लीन त्याच बारवर होईल. मनगटांसाठीही एक तोड काढली: फ्रंट स्क्वॉटमध्ये बोटे बारखाली दुमडण्याऐवजी बारला दोन पट्टे बांधून ते धरायचे. बॅगवरच्या सकाळच्या सरावानंतर मनगटे मागे वाकवणे नको वाटते, आणि पट्ट्यांमुळे कोपरे उंच ठेवूनही मनगट सरळ राहते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोरीवरच्या उड्यांचे प्रमाण वाढल्यापासून पोटऱ्या ताठ आहेत, घोटा पुरेसा वाकत नाही आणि स्क्वॉटची खोली कमी झाली आहे. उंच टाचेचे भारोत्तोलनाचे बूट घातले की खोली परत येते, परंतु तो आडमार्ग झाला. मुष्टियुद्धाच्या बुटांचा तळवा पातळ आणि सपाट असतो आणि तिथे घोट्यालाच काम करायचे असते. आठवडाभर उड्या निम्म्यावर आणून पायरीच्या कडेवर टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करीन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फ्रंट स्क्वॉट ५५ किलोंवर तीन आवर्तनांचे तीन सेट झाले आणि शेवटच्या आवर्तनातही बार मंदावला नाही. महिनाभर एक नियम पाळते आहे: आवर्तने ठरवून पूर्ण करायची नाहीत, वर येण्याचा वेग डोळ्यांना जाणवेल इतका कमी झाला की सेट तिथेच थांबवायचा. फोन बाजूला उभा करून चित्रण केले की हे ओळखायला उपकरण लागत नाही. स्पेनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत वेग २० टक्क्यांनी घटताच सेट थांबवणाऱ्या गटाने ४० टक्के घट होईपर्यंत रेटणाऱ्या गटापेक्षा बरीच कमी आवर्तने करूनही स्क्वॉटमध्ये तेवढीच ताकद मिळवली, आणि उभ्या उडीत तो गट पुढे राहिला. ज्यांना स्नायूंचे आकारमान वाढवायचे आहे त्यांनी हा नियम जसाच्या तसा घेऊ नये, कारण आकारमान दुसऱ्या गटात अधिक वाढले होते. मला वेग हवा आहे आणि शिल्लक हवी आहे, त्यामुळे निवड सोपी आहे.

सेटमधली विश्रांती मात्र कमी केलेली नाही. जोरदार, क्षणिक कामासाठी स्नायू ज्या फॉस्फोक्रिएटिनवर अवलंबून असतात त्याचा साठा पूर्ववत व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. रिंगमध्ये दोन फेऱ्यांमध्ये एकच मिनिट मिळते, म्हणून वजनांतही एकच मिनिट विश्रांती घ्यावी, असा सल्ला जिममध्ये वरचेवर ऐकू येतो. त्याने ताकदीचा सराव हा दमसासाचा निकृष्ट सराव होऊन बसतो. दम वाढवण्यासाठी बॅग आहे.

पुल-अप तीन झाले. पुश प्रेसमध्ये, म्हणजे पायांचा झटका देऊन बार डोक्यावर ढकलण्यात, गाडे अडले आहे, आणि त्याचे कारण प्लेट आहेत. सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोंची असल्यामुळे वाढ अडीच किलोंच्या खाली येत नाही. ८५ किलोंच्या डेडलिफ्टमध्ये ती तीन टक्के असते, तर ३० किलोंच्या प्रेसमध्ये आठ टक्क्यांहून अधिक होते. अर्ध्या किलोंच्या प्लेटची जोडी स्वतः आणून ठेवली आहे.

८ मार्च, शनिवार

आज या प्रकल्पातले पहिले पूर्ण स्पारिंग झाले. सोळा औंसांचे ग्लोव्हज, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५४ ग्रॅम, हेडगार्ड आणि माउथगार्ड. जोर निम्म्याहून कमी ठेवायचा असे दोघींनी आधी बोलून घेतले. समोरची माझ्याहून उंच आणि डावखुरी होती.

संयत स्पारिंगचा आग्रह भित्रेपणातून आलेला नाही. हेडगार्डमुळे भुवया फाटत नाहीत आणि डोकी एकमेकांवर आपटली तर जखम टळते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. हौशी मुष्टियुद्धात वरिष्ठ पुरुषांचे हेडगार्ड २०१३ मध्ये काढले गेले त्या वेळी हा वाद बराच रंगला होता. छंद म्हणून खेळणाऱ्याला डोक्यावर जोरदार ठोसे खाण्यातून शिकण्यासारखे काही नाही. अंतर, वेळ आणि बचाव हे सगळे हलक्या हातांनीही शिकता येते, किंबहुना तसेच नीट शिकता येते, कारण भीती कमी असली की डोळे उघडे राहतात.

पहिली फेरी उत्तम गेली. दुसरीत श्वास दोनदा अडला. तिसऱ्या फेरीत पाय चांगले होते, मागेपुढे सरकणे शेवटपर्यंत टिकले, आणि दोन महिन्यांच्या स्क्वॉटचे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. हात मात्र टिकले नाहीत. ४५४ ग्रॅम हे वजन म्हणून नगण्य आहे, पण ते गालाच्या उंचीवर नऊ मिनिटे धरून ठेवायचे आणि मधूनमधून फेकून परत आणायचे म्हटले की खांद्याचा पुढचा भाग आणि बरगड्यांवरचा दातेरी स्नायू आधी दमतात. प्रशिक्षक म्हणाले, "पाय तिसऱ्या फेरीत आहेत, हात दुसऱ्यातच राहिलेत."

१३ मार्च, गुरुवार

त्यांच्या शेऱ्यावर दोन उपाय ठरले. बॅगवरची शेवटची फेरी केवळ जॅबची असेल आणि प्रत्येक जॅबनंतर मूठ गालाला टेकेपर्यंत पुढचा जॅब सुटणार नाही. वजनांमध्ये पुश-अपच्या वरच्या टोकाला खांद्याची पाती पुढे ढकलून क्षणभर थांबण्याचा व्यायाम आणि त्याच्या दुपटीने रोइंगचे, म्हणजे वजन अंगाकडे खेचण्याचे, सेट. मुष्टियुद्धात खांदे सतत पुढे ओढलेले असतात, त्यामुळे मागे खेचणाऱ्या स्नायूंना जास्तीचे काम देणे भाग आहे.

बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार वर ढकलणे) विचारपूर्वक बाहेर ठेवला आहे. ठोशात छातीचा वाटा असतो, तो नाही असे मी म्हणत नाही. परंतु बेंचवर पाती मागे खिळवून ठेवावी लागते, तर ठोशात तीच पाती मोकळेपणी पुढे सरकावी लागते. पुश-अप दोन्ही साधतो आणि खांद्यांना त्रासही देत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

विश्रांतीचा दिवस. मुष्टियुद्ध २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असेल, यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ग्रीसमधील अधिवेशनात काल शिक्कामोर्तब केले. डिसेंबर २०२१ मध्ये या स्पर्धांच्या खेळांची पहिली यादी आली तेव्हा तिच्यात मुष्टियुद्ध, भारोत्तोलन आणि आधुनिक पेंटॅथलॉन हे तीन खेळ नव्हते. भारोत्तोलनाला ऑक्टोबर २०२३ मध्येच पुन्हा स्थान मिळाले होते. माझे दोन्ही खेळ कारभाराच्या गोंधळामुळे एकाच वेळी उंबरठ्याबाहेर बसवले गेले होते, याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. माझ्या मंगळवारच्या सरावावर त्याचा काही परिणाम नाही, हेही खरेच.

२९ मार्च, शनिवार

चाचणीपूर्वीचा हलका आठवडा सुरू केला आहे. सेट निम्म्यावर आणले, बारवरचे वजन तेच ठेवले. वजन कमी करून आवर्तने वाढवण्याची पद्धतही प्रचलित आहे, परंतु त्याने अंग जड राहते आणि जड बार हाताळण्याची सवय बोथट होते. आज पॅडवर उजवा क्रॉस नेहमीपेक्षा आधी पोहोचत होता. पॅड धरणाऱ्याने दोनदा मनगट झटकले, ते मी आनंदाने पाहिले.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी फक्त शॅडो बॉक्सिंग झाले, संध्याकाळी चाचणी. फ्रंट स्क्वॉट ६० किलोंवर तीन आवर्तने झाली. तिसऱ्या आवर्तनात मांडी जमिनीला समांतर येते त्याच्या जरा वर बार रेंगाळला, पण कोपरे खाली आली नाहीत. पॉवर क्लीन ४५ किलो पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ झाला. पुल-अप चार झाले, पाचव्याला हनुवटी बारच्या खाली राहिली, म्हणून तो धरलेला नाही.

डेडलिफ्टचा बार शेजारच्या जागी भरलेलाच होता आणि कोणीतरी "शंभर बघायचे का?" असे विचारलेही. शनिवारी स्पारिंग असल्यामुळे नको म्हटले.

५ एप्रिल, शनिवार

त्याच उंच, डावखुऱ्या जोडीदारणीबरोबर तीन फेऱ्या. चित्रण पाहूनच लिहिते आहे, कारण रिंगमधून आपला गार्ड कुठे आहे याचा अंदाज विश्वासार्ह नसतो. उजवा हात तिसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत गालाशी राहिला. श्वास सगळ्या मालिकांत ऐकू येतो, हुकलाही. डावा हात शेवटच्या मिनिटात जॅबनंतर खांद्याच्या उंचीवरूनच परत येत होता आणि समोरचीने ती फट हेरून दोन क्रॉस हलकेच आत घातले. म्हणून ध्येयाच्या रकान्यात 'अपूर्ण' असेच लिहिले आहे.

पुढच्या टप्प्यात फ्रंट स्क्वॉट ६० किलोंवरच राहील आणि आठवड्यातून एकदाच होईल. मोकळ्या झालेल्या जागेत पुल-अप आणि एका हाताचा रोइंग येईल. जॅबची शेवटची फेरी गुरुवारबरोबर मंगळवारीही होईल, बारा औंसांऐवजी सोळा औंसांच्या ग्लोव्हजने. डावखुऱ्या जोडीदारासमोर पुढचे पाऊल तिच्या पावलाच्या बाहेर कसे ठेवायचे, हे मंगळवारी प्रशिक्षकांना विचारायचे आहे.